सरदारकीची पावती

१२ मार्च १७७६ या दिवशी पॅरिसचे न्यायाधीश व्हर्सायच्या राजवाड्यात हजर झाले. स्वखुशीने आले नव्हते, राजाने बोलावून घेतलं होतं. राजाचं वय एकवीस, गादीवर येऊन दोन वर्षंही झालेली नव्हती. पॅरिसचं पार्लमां हे नावाने संसदेसारखं वाटलं, तरी प्रत्यक्षात ते फ्रान्सच्या तेरा उच्च न्यायालयांपैकी सगळ्यात वजनदार न्यायालय. राजाचा हुकूम या न्यायालयाच्या दप्तरात नोंदला गेल्याशिवाय त्याला कायद्याचं बळ येत नसे, आणि न्यायाधीशांना तो पसंत नसला तर ते हरकतींचं लांबलचक पत्र धाडून नोंद अडवून धरत. मग राजापुढे एकच उपाय उरे. स्वतः छताखालच्या उशांच्या आसनावर बसायचं आणि आपल्या डोळ्यांदेखत नोंद करवून घ्यायची. या दरबाराला म्हणत 'न्यायशय्या'.

त्या दिवशी नोंदवायचे हुकूम सहा होते. पॅरिसच्या धान्यबाजारावरची जाचक बंधनं, बंदरांवरची आणि मंडयांमधली बिनकामाची पदं, पोआसीच्या गुरांच्या बाजारातली एक सावकारी पेढी, चरबीवरचा कर असे चार हुकूम किरकोळ म्हणता येतील. खरी आग लावली होती उरलेल्या दोहोंनी. एकाने रस्तेबांधणीची वेठबिगार बंद होत होती, दुसऱ्याने कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या श्रेणी, म्हणजे धंद्याधंद्यांचे संघ, मोडीत निघत होत्या. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो अर्थमंत्री त्युर्गो शेजारीच होता. दरबार चालवण्याचं काम होतं राजमुद्रेचा रक्षक मिरोमेनिल याच्याकडे, आणि मंत्रिमंडळात या हुकमांना सर्वांत कडवा विरोध केला होता तो याच मिरोमेनिलने.

मग राजाचाच सरकारी वकील आंत्वान-लुई सेगिए उभा राहिला आणि राजाच्या तोंडावर राजाच्या हुकमाविरुद्ध बोलला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: राज्यात धर्मगुरू, सरदार, न्यायालयं, विद्यापीठं, व्यापारी, कारागीर असे जे अनेक संघ आहेत, ते एका मोठ्या साखळीच्या कड्या आहेत आणि त्या साखळीची पहिली कडी महाराजांच्या हातात आहे. एक कडी तोडली की साखळी सैल होते.

राजाने ऐकून घेतलं आणि नोंद करवून घेतली. दोन महिन्यांनी त्युर्गोला घरी पाठवण्यात आलं. ऑगस्टमध्ये वेठबिगार परत आली, श्रेणीही परत आल्या.

फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल आपण शाळेत शिकतो ते चित्र ठरलेलं आहे. उधळ्या राजा, केक खा म्हणणारी राणी, उपाशी जनता, मग बास्तीय. राणीचं ते वाक्य तर रूसोच्या आत्मचरित्रात कुणा बड्या राजकन्येच्या नावावर आलेलं आहे आणि तो मजकूर लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात वाढणारी मुलगी होती. पण चित्राचा मोठा दोष वेगळाच आहे. त्यात राजा सर्वशक्तिमान दिसतो. माझं म्हणणं असं की फ्रान्सच्या राजांनी आपली सत्ता दीडशे-दोनशे वर्षं तुकड्या-तुकड्यांनी विकली होती, पैसे खर्च करून टाकले होते आणि विकलेला माल परत घ्यायची ऐपत सोळाव्या लुईजवळ उरली नव्हती. १७७६ च्या त्या प्रकरणात हे जेवढं उघडं पडतं तेवढं बास्तीयच्या दगडांत पडत नाही.

कागदावर समाजाचे तीन वर्ग होते. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. पहिल्यात धर्मगुरू, साधारण सव्वा लाखाच्या आसपास. दुसऱ्यात सरदार, त्यांचा नक्की आकडा इतिहासकार अजून भांडून ठरवताहेत, पण हिशेब लाखांतच आहे, कोटीत नाही. उरलेले सगळे तिसऱ्या वर्गात. १७८९ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या २ कोटी ८० लाखांच्या घरात होती, तेव्हा या 'उरलेल्यां'त बोर्दोचा गलबतांचा मालक होता, वकील होता, न्हावी होता आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूरही होता.

'ताय' हा मुख्य कर सरदार भरत नसत. धर्मगुरूंचा वर्ग अधूनमधून सभा घेऊन राजाला 'स्वेच्छेची देणगी' द्यायचा आणि तेवढ्यावर करातून सुटायचा. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे माफी. तरीही लढणारे-राबणारे ही वाटणी तेव्हाच्या फ्रान्समध्ये खरी उरलेलीच नव्हती, कारण सरदार बनण्याचा सरळ मार्ग तलवारीतून जात नसून तिजोरीतून जात होता.

राजाला लढायांसाठी पैसा लागे. नवा कर बसवला तर बंड होई. म्हणून त्याने पदं विकायला काढली. न्यायाधीशाचं पद, खजिनदाराचं पद, नोंदणी कारकुनाचं पद. घेणाऱ्याने एकरकमी पैसे भरायचे, बदल्यात त्याला दरसाल थोडं वेतन, मान आणि काही करांतून माफी. १६०४ मध्ये शार्ल पोले नावाच्या गृहस्थाच्या सूचनेवरून नवी सोय झाली. पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की पद मुलाकडे जाईल किंवा बाजारात विकता येईल. तिथून पुढे सरकारी पद म्हणजे पिढीजात वतन झालं. आपल्याकडचं वतन निदान कधी चाकरीबद्दल मिळालेलं असे, इथे पहिल्याच दिवशी रोख व्यवहार.

चौदाव्या लुईच्या काळात युद्धं वाढली तशी पदांची नावं संपत आली. मग डुकराच्या जिभा तपासणारे, लोणी तपासणारे, केसांच्या टोपांवर देखरेख ठेवणारे, मयताची दवंडी पिटणारे अशी पदं निघाली. महाराज एक पद निर्माण करतात आणि देव लगेच ते विकत घेणारा एक मूर्ख निर्माण करतो, असं त्या राजाचा अर्थमंत्री म्हणाल्याची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, घेणारे मूर्ख नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीला अशी विकाऊ पदं ५० हजारांहून जास्त होती आणि त्यातल्या काहींबरोबर सरदारकी मिळे.

सगळ्यांत मागणी 'राजसचिव' या पदाला. काम जवळजवळ शून्य. वीस वर्षं पदावर राहिलं किंवा पदावर असताना मेलं की सगळं घराणं कायमचं सरदार. मूळचा मळ धुऊन काढते म्हणून लोक या पदाला 'गावंढळाचा साबण' म्हणत. साबण महाग होता, १७८० च्या दशकात किंमत लाख लिव्रच्या (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) वर गेली होती, तरी गिऱ्हाइकं कमी पडली नाहीत.

नाटककार बोमार्शे हे या साबणाचं सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक. पॅरिसमधल्या घड्याळजीचा पोरगा. विशीत घड्याळाच्या चक्राची नवी रचना शोधून काढली, राजवाड्यात शिरकाव करून घेतला, पंधराव्या लुईच्या मुलींना हार्प शिकवली, एका धनाढ्य सावकाराची मर्जी संपादली आणि १७६१ मध्ये राजसचिवपद विकत घेतलं. पुढे राजाच्या शिकारक्षेत्रातल्या गुन्ह्यांचा निवाडा करणारं पदही घेतलं. म्हणजे ससा चोरून मारणाऱ्या शेतकऱ्याला शिक्षा सुनावायला हा घड्याळजीचा मुलगा बसू लागला. १७७३-७४ मध्ये एका न्यायाधीशाशी त्याचा खटला गाजला, तेव्हा त्याचं कूळ काढण्यात आलं. त्याने छापून उत्तर दिलं की माझी सरदारकी माझी स्वतःची आहे, चांगल्या चर्मपत्रावर लिहिलेली, पिवळ्या लाखेची मोठी मोहर असलेली. इतरांची घराणी तोंडी साक्षींवर उभी आहेत, माझ्या हक्काबद्दल कुणी तंटा करू शकत नाही, कारण माझ्याजवळ पावती आहे.

अख्खा पॅरिस हसला. त्या विनोदात राज्यव्यवस्थेचा पाया उघडा पडला होता, हे किती जणांच्या लक्षात आलं कोण जाणे. पावती असलेल्या माणसाकडून हक्क काढून घ्यायचा तर पैसे परत द्यावे लागतात.

पावत्या फक्त श्रीमंतांकडेच होत्या असंही नाही, आणि इथे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. मिठाचा कर घ्या. 'गाबेल' नावाचा हा कर फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त शिव्या खाणारा. पॅरिसभोवतालच्या उत्तर-मध्य फ्रान्समध्ये मीठ सरकारी कोठारातूनच घ्यावं लागे, आणि नुसतं तेवढंच नाही, आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सात पौंड मीठ घेणं सक्तीचं होतं. हे मीठ हंडीत आणि ताटात वापरायचं. त्यातलं वाचवून कुणी डुकराचं मांस खारवलं तर तो गुन्हा. खारवण्यासाठी वेगळं मीठ, वेगळा दाम. या भागात क्विंटलला ६० लिव्रच्या आसपास भाव, आणि शेजारच्या ब्रिटनी प्रांतात तेच मीठ दोन-तीन लिव्रला. ब्रिटनी सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राज्यात सामील झाली ती आपले जुने हक्क शाबूत ठेवण्याच्या वचनावर, त्यामुळे तिथे गाबेल नाही. नैऋत्येकडच्या प्रांतांची कथा तर आणखी बोलकी आहे. १५४८ मध्ये तिथे मिठाच्या करावरून मोठं बंड झालं, ते चिरडलं गेलं, आणि नंतर त्या प्रांतांनी राजाला घसघशीत रक्कम रोख मोजून करातून कायमची सुटका विकत घेतली.

एका नदीच्या दोन काठांवर मिठाच्या भावात असा वीसपट फरक असेल तर काय होणार? ब्रिटनीच्या सीमेवर चोरटं मीठ वाहणं हा गावोगावचा जोडधंदा झाला. बाया कपड्यांत लपवून नेत, पोरं नेत, शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांच्या अंगावर मिठाच्या पिशव्या बांधून त्यांना रात्री सीमेपार सोडत. करवसुलीचा मक्ता घेतलेल्या कंपनीने यासाठी हत्यारबंद शिपायांची फौजच ठेवली होती. दरवर्षी हजारो माणसं पकडली जात, आणि पुरुषांच्या वाट्याला गलबतांवरची सक्तमजुरी येऊ शके. पण मिठाचा भाव सगळीकडे एक करा म्हटलं की ब्रिटनीचा गरीब शेतकरीसुद्धा आपल्या जमीनदाराच्या खांद्याला खांदा लावून उभा राही. त्याच्याकडेही पावती होती.

याच्या तळाशी कर्जाचा व्यवहार होता. राजा हा वाईट ऋणको. त्याला कोर्टात खेचता येत नाही, आणि फ्रान्सच्या राजांनी हात वर केल्याचे प्रसंग एक-दोन नव्हते. अगदी १७७० मध्येही अर्थमंत्री तेरे याने व्याजाला कात्री लावली होती. म्हणून राजाला थेट कर्ज द्यायला लोक कचरत. पण धर्मगुरूंची सभा, प्रांतांच्या सभा, पॅरिसची नगरपालिका, राजसचिवांचा संघ यांना मात्र आनंदाने देत, कारण त्यांचं उत्पन्न ठरलेलं, हक्क लेखी आणि शब्द पाळण्याची ख्याती. तेव्हा राजा या संघांना सांगे, तुम्ही आपल्या नावावर काढा आणि मला द्या. त्यांचे विशेषाधिकार हेच राजाच्या कर्जाचं तारण होतं. श्रेणींचंही तसंच. १६९१ मध्ये चौदाव्या लुईने प्रत्येक श्रेणीत सरकारी पंचांची पदं निर्माण करून विकायला काढली. बाहेरचा माणूस डोक्यावर बसू नये म्हणून शिंप्यांनी, चांभारांनी, पाववाल्यांनी कर्ज काढून ती पदं स्वतःच विकत घेतली. अठराव्या शतकातही असे खेळ पुन्हा झाले. सेगिए ज्या साखळीबद्दल बोलत होता ती कवीची कल्पना नव्हती. तिच्या प्रत्येक कडीवर रक्कम लिहिलेली होती.

अशा राज्यात त्युर्गो २४ ऑगस्ट १७७४ रोजी अर्थमंत्री झाला. नॉर्मंडीच्या जुन्या सरदार घराण्यातला, अविवाहित, पुस्तकी, हट्टी. गंमत म्हणजे त्याची स्वतःची कारकीर्दही विकत घेतलेल्या न्यायखात्यातल्या पदावरूनच सुरू झाली होती. दुसरा जिनाच नव्हता. तेरा वर्षं तो लिमोज या दरिद्री प्रांताचा कारभारी होता आणि वेठबिगार म्हणजे काय ते त्याने तिथे जवळून पाहिलं होतं. शेतकऱ्याने वर्षातून कुठे आठवडाभर तर कुठे महिनाभर, आपली बैलगाडी आणि आपली भाकरी घेऊन राजरस्त्यावर फुकट राबायचं. रस्ता धड होत नसे, शेत मात्र पडून राही. त्या रस्त्यांवरून ज्यांच्या बग्ग्या आणि ज्यांचा माल जाई त्यांना फावडं उचलावं लागत नसे. लिमोजमध्ये त्युर्गोने वेठीऐवजी पैसे गोळा करून मजुरीवर माणसं लावली. रस्ते उत्तम झाले. तोच प्रयोग आता देशभर करायचा होता, आणि खर्च टाकायचा होता जमीनमालकांवर, मग तो सरदार का असेना. धर्मगुरूंच्या जमिनी तेवढ्या वगळायला त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला भाग पाडलं.

श्रेणींबद्दल तो अधिकच कडक होता. पॅरिसमध्ये शंभराहून जास्त श्रेणी होत्या. उमेदवारीची लांबलचक वर्षं, मग नमुन्याचं काम, मग भरमसाट शुल्क, एवढं झाल्यावर माणूस उस्ताद होई. उस्तादाच्या मुलाला मात्र सवलत. नवे कपडे शिवणारे आणि जुने कपडे विकणारे यांच्यात 'जुना कोट' कशाला म्हणायचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालू. त्युर्गोने हुकमाच्या प्रस्तावनेत लिहिलं की काम करण्याचा हक्क ही प्रत्येक माणसाची पहिली आणि सर्वांत पवित्र मालमत्ता आहे. राजा असा हक्क विकू शकतो, ही कल्पनाच त्याने नाकारली होती. विकाऊ राज्यात हे बोलणं साधं नव्हतं.

पार्लमांच्या न्यायाधीशांना ते नीट कळलं. त्यांची स्वतःची खुर्ची विकत घेतलेली होती. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी राजाला हरकतींचं जे पत्र पाठवलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे, इतकं ते निर्लज्जपणे स्पष्ट आहे. धर्मगुरू प्रार्थनेने सेवा करतात, सरदार रक्ताने आणि सल्ल्याने करतात, आणि तळचा वर्ग, ज्याला अशी थोर सेवा करता येत नाही, तो कर भरून, उद्योग करून आणि अंगमेहनतीने ऋण फेडतो. ही राज्याची मूळ घटना आहे, ती ईश्वरी व्यवस्थेतून आली आहे, आणि सगळ्यांना एकच कर लावणं म्हणजे सगळ्यांना वेठीला धरण्यासारखं आहे. त्याच सुमारास त्युर्गोच्या खात्यातल्या बाँसेर्फ नावाच्या कारकुनाने जमीनदारी हक्कांच्या तोट्यांवर एक पुस्तिका छापली होती. पार्लमांने २३ फेब्रुवारीला तिला दोषी ठरवलं. विशेष हे की याच न्यायाधीशांना पॅरिसचे लोक डोक्यावर घेत असत. राजाच्या जुलमाविरुद्ध उभी असलेली हीच एक संस्था, असा त्यांचा लौकिक. १७७१ मध्ये पंधराव्या लुईच्या मोपू या मंत्र्याने त्यांना हद्दपार करून पदांची विक्री बंद केली होती, तेव्हा हळहळ झाली. १७७४ च्या नोव्हेंबरात सोळाव्या लुईने त्यांना सन्मानाने परत बोलावलं, तेव्हा आनंदीआनंद. नव्या राजाला लोकप्रिय व्हायचं होतं. त्याने स्वतःच्या हाताने आपली कोंडी करून घेतली.

पण या वादातला सर्वांत नेमका घाव बसला तो बंद दाराआड. मिरोमेनिलने त्युर्गोच्या मसुद्यावर समासात हरकती लिहिल्या आणि त्युर्गोने एकेकीला लेखी उत्तर दिलं. मिरोमेनिलचा मुद्दा जुनाच: सरदारांचं वेगळेपण काढून घेतलं तर राष्ट्राचा स्वभावच बदलेल. त्युर्गोने उलटून सांगितलं की सरदारकी आज पैसे मोजून कुणालाही मिळते. असा एकही श्रीमंत नाही जो हवं तेव्हा सरदार होत नाही. तेव्हा विशेषाधिकारांचा प्रश्न आता थोर घराणी विरुद्ध सामान्य असा राहिलेलाच नाही, तो श्रीमंत विरुद्ध गरीब असा झाला आहे. १७८९ च्या तेरा वर्षं आधी, राजाच्या मंत्र्याने, राजाच्या फायलीत हे लिहून ठेवलं.

राजाच्या मनात काय चाललं होतं? तो दुष्ट नव्हता, मठ्ठही नव्हता. ११ जून १७७५ रोजी रँसच्या कॅथीड्रलमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. समारंभ पॅरिसमध्ये करून खर्च वाचवावा, पाखंड्यांच्या उच्चाटनाची शपथ गाळावी, असं त्युर्गो सुचवत होता. लुईला ते मानवलं नाही. अभिषेकानंतर त्याने गंडमाळेच्या २,४०० रोग्यांना हात लावला, कारण फ्रान्सच्या राजाच्या स्पर्शाने हा आजार बरा होतो अशी कित्येक शतकांची श्रद्धा. एका हाताने देवाचा वरदहस्त वाटायचा आणि दुसऱ्या हाताने प्रजेला कायद्यापुढे समान करायचं, हे जमणारं नव्हतं. सेगिएची साखळी त्याला खरी वाटत होती. पहिली कडी त्याच्याच हातात होती ना.

त्युर्गोचे शत्रू वाढत गेले. राणी रुसली, राजाचा म्हातारा सल्लागार मंत्री मोरपा राजाचे कान भरू लागला. ३० एप्रिलला त्युर्गोने राजाला पत्र लिहिलं आणि त्यात इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सची आठवण दिली: त्याचं डोकं शिरच्छेदाच्या ठोकळ्यावर गेलं ते दुबळेपणामुळे. राजाने उत्तर दिलं नाही. १२ मे रोजी त्युर्गोची हकालपट्टी झाली. त्याच सुमारास त्याचा मित्र आणि सहकारी मंत्री मालझेर्ब यानेही पद सोडलं. नव्या अर्थमंत्र्याने जूनमध्ये सरकारी लॉटरी काढली, ऑगस्टमध्ये श्रेणी पुन्हा उभ्या केल्या, आणि त्यांच्या प्रवेशशुल्कातला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीकडे वळवला. म्हणजे मोडलेली कडी पुन्हा जोडून पुन्हा विकली.

जाण्यापूर्वी त्युर्गोने आणखी एक गोष्ट बजावली होती. अमेरिकेच्या बंडात पडू नका, तिजोरीला झेपणार नाही. तो गेल्यावर ती आडकाठी गेली आणि फ्रान्स इंग्रजांविरुद्ध बंडखोरांच्या बाजूने उतरला. इंग्रजांना जगभर अडचणीत आणायच्या त्या धोरणाची एक लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील सोळाव्या लुईची पत्रं दाखवत पुण्यात आला, चौलचं बंदर मिळावं म्हणून नाना फडणिसांशी बोलणी करू लागला, आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. गृहस्थ फारसा भरवशाचा नव्हता आणि नानांना त्याचा उपयोग इंग्रजांना धाक दाखवण्यापुरताच होता. पुण्यात त्यातून काही मोठं निघालं नाही. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च मात्र फ्रान्सला शंभर कोटी लिव्रच्या वर गेला.

तो खर्च नेकेर या जिनिव्हाच्या बँकरने नवे कर न लावता जवळजवळ सगळा कर्जावर भागवला. तो प्रोटेस्टंट, म्हणून त्याला अर्थमंत्री हे पूर्ण पद देता आलं नाही, काम मात्र तेच. १७८१ मध्ये त्याने राज्याचा जमाखर्च छापून प्रसिद्ध केला आणि त्यात चक्क एक कोटीची शिल्लक दाखवली. पुस्तक धडाधड खपलं. युद्धाचा असाधारण खर्च त्यात धरलेलाच नव्हता. १७८८ च्या हिशेबात खरं काय ते दिसलं: खर्च ६२ कोटी ९० लाख लिव्र, त्यातले ३१ कोटी ८० लाख निव्वळ कर्जफेडीला. राजघराणं आणि दरबार यांचा वाटा साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे शेकडा सहाही नाही. राणीचे सगळे दागिने वितळवले असते तरी खड्डा भरला नसता.

शेवटी सगळ्यांना त्युर्गोच्याच वाटेला यावं लागलं. १७८७ मध्ये तेव्हाचा अर्थमंत्री कालोन याने सगळ्या जमिनींवर सारखा कर सुचवला आणि त्यासाठी १४४ मान्यवरांची सभा भरवली. मान्यवरांनी कालोनलाच घालवलं. त्याच्यामागून आलेल्या ब्रिएनने तेच पुढे रेटलं, तर पार्लमां म्हणालं, असा कर मंजूर करायचा अधिकार फक्त तिन्ही वर्गांच्या महासभेला, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. राजाने न्यायाधीशांना हद्दपार केलं, परत आणलं, त्यांचे अधिकार छाटले, छाटलेले परत दिले. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीने रोख देणी थांबवली आणि महासभा बोलावणं भाग पडलं. तोवर न्यायाधीश जनतेचे लाडके होते. मग २५ सप्टेंबरला त्यांनी निर्णय दिला की महासभा १६१४ च्याच रीतीने भरावी, तीन वर्ग वेगळे बसतील, प्रत्येक वर्गाचं एक मत. दोन कोटींहून जास्त माणसांचं एक मत आणि मूठभरांची दोन. न्यायाधीशांची लोकप्रियता काही दिवसांत मावळली. १७७६ च्या पत्रात त्यांनी जे लिहिलं होतं तेच ते आता बोलत होते. बदलले होते ते ऐकणारे.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ५ मे १७८९ रोजी महासभा उघडली, जुलैत बास्तीय पडली, खेड्यांतून जमीनदारांचे वाडे आणि दप्तरं जळू लागली. दप्तरं जळाली हे महत्त्वाचं. शेतकरी पावत्याच जाळत होते. ४ ऑगस्टच्या रात्री व्हर्सायमध्ये सरदार, धर्मगुरू, प्रांतांचे आणि शहरांचे प्रतिनिधी एकामागून एक उठून आपापले हक्क सोडू लागले. पदांची विक्री बंद झाली. १७९० च्या मार्चमध्ये गाबेल गेला, जूनमध्ये वंशपरंपरागत सरदारकी, त्याच वर्षी पार्लमांही. १७९१ मध्ये श्रेणी मोडल्या, आणि ल शापलिएच्या कायद्याने कामगारांना पुन्हा असे संघ करण्यास मनाई झाली.

त्या न्यायशय्येच्या वेळची माणसं कुठे गेली? त्युर्गो १७८१ मध्येच वारला. सेगिए देश सोडून गेला आणि १७९२ मध्ये परक्या मुलखात मेला. म्हातारा मालझेर्ब राजावर खटला चालला तेव्हा त्याचा वकील म्हणून उभा राहिला. २२ एप्रिल १७९४ या एकाच दिवशी गिलोटीनखाली गेलेल्यांत तो होता, पार्लमांचा सर्वांत तापट पुढारी देप्रेमेनिल होता आणि तो ल शापलिएही होता.

विकलेल्या पदांचं मात्र वेगळं झालं. क्रांतिकारकांनी सरदारकी फुकटात काढून घेतली, पण पदाला मालमत्ता मानलं आणि प्रत्येक पदधारकाला मोबदला द्यायचं ठरवलं. पैसे नव्हते. तेव्हा नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या ताब्यात घेण्यात आल्या, त्यांच्या तारणावर 'आसिन्या' नावाचा कागदी पैसा छापला गेला, आणि बोमार्शेच्या विनोदातल्या पावत्या त्या नोटांनी चुकत्या केल्या गेल्या. काही वर्षांतच त्या नोटांना कागदाचीही किंमत उरली नाही.